कोणाला काय ऐकायचं आहे?

"ऐकू येतं हो, पण समजत नाही." कान तपासायला आलेली माणसं बहुतेक वेळा याच वाक्याने सुरुवात करतात. इचलकरंजीच्या यंत्रमागावर हयात घालवलेले मामा, मंडईत भाजी विकणाऱ्या मावशी, निवृत्त शिक्षक, गावोगाव कीर्तन करणारे महाराज, सगळ्यांचं म्हणणं हेच. सोबत आलेल्या माणसाला ते पटत नाही. "हवं तेवढं बरोबर ऐकू येतं बघा त्यांना," असं सून किंवा बायको शेजारून सांगते. ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना हा संवाद मी अनेक घरांच्या तोंडून ऐकला आहे. त्यातल्या दोन्ही बाजू खऱ्या असतात.

तपासणी साधी असते. ध्वनिरोधक खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. आवाज कितीही बारीक असो, आला की बटण दाबायचं. २५० हर्ट्झच्या घुमणाऱ्या सुरापासून ८,००० हर्ट्झच्या चिरक्या सुरापर्यंत एकेक सूर घ्यायचा आणि कानाला कळलेला सर्वांत मंद आवाज कुठला, त्याची कागदावर खूण करायची. उजव्या कानाची खूण लाल, डाव्याची निळी. खुणा जोडल्या की ऑडिओग्राम तयार होतो. 'समजत नाही' म्हणणाऱ्यांची रेघ खालच्या सुरांपाशी जवळजवळ नॉर्मल असते आणि वरच्या सुरांकडे जाताना झपकन उतरते. बोलण्यातल्या आ, ऊ, ओ या स्वरांचा जोर खालच्या सुरांत असतो. स, श, त, थ, फ ही व्यंजनं ओळखू येतात ती वरच्या सुरांमुळे. स्वर पोचले की कुणीतरी बोलतंय हे कळतं. काय बोलतंय, हे व्यंजनं सांगतात. म्हणून मंडईतल्या मावशींना गिऱ्हाइकाचं 'साठ' हे 'आठ' वाटतं. मुलाचा जाडा आवाज त्यांना नीट पोचतो आणि नातीचं बारीक बोलणं पोचत नाही. घरच्यांना वाटतं, या निवडून ऐकतात. निवड झालेली असते खरी, पण ती कानाने केलेली असते, मावशींनी नव्हे.

मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकताना मोजमापावर माझी फार श्रद्धा होती. किती डेसिबल, किती हर्ट्झ, कुठल्या कानाला किती, हे अचूक सांगता आलं की आपलं काम झालं, असं वाटायचं. मोजमाप आजही तितक्याच काळजीने करते. पण माणसांचे कान तपासता तपासता मी प्राण्यांच्या कानांबद्दल वाचायला लागले आणि हळूहळू एक गोष्ट मनात पक्की होत गेली. जगातले सगळे आवाज ऐकणारा कान कुठल्याच प्राण्याकडे नाही. प्रत्येकाचा कान त्याला जगायला लागणारे आवाज ऐकण्यासाठी घडलेला आहे. त्यामुळे 'किती ऐकू येतं' या प्रश्नाइतकाच 'काय ऐकायचं आहे' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

यंत्रमाग कामगारांच्या ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झपाशी एक खड्डा दिसतो. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या सहज वर असतो. तिथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. ओठ वाचतात, हाताने खुणा करतात, कानात कापसाचे बोळे घालतात. कापसाने फारसं काही अडत नाही. कानाच्या सुरक्षेचा जो हिशेब जगभर वापरला जातो, त्यात ८५ डेसिबलला आठ तासांची मुभा आहे आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटंच थांबता येतं. आमच्याकडे पाळी बारा तासांचीही असते.

खड्डा नेमका तिथेच का पडतो, याचं कारण कानाच्या बांधणीत आहे. बाहेरच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. एवढ्या लांबीची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपसूक मोठे करते. बोलण्यातली बारीक व्यंजनं पकडायला ही रचना फार कामाची. पण शेडमधला गोंगाटही याच पट्ट्यात वाढून आत जातो, आणि आतल्या पेशींना इजा होते ती आवाजाच्या पट्ट्याहून किंचित वरच्या सुरांच्या जागी. ज्या सोयीमुळे शब्द कळतात, तीच सोय गोंगाटात कानाचं नुकसान करते.

असेच एक मामा एकदा म्हणाले, "पोरी, आता रातकिडे राहिलेच नाहीत बघ. औषधं मारून मारून संपवले." त्यांच्या रेघेकडे बघितल्यावर मला कळलं की त्यांच्या रानात रातकिडे असणार. रातकिड्याची किरकिर साधारण चार ते पाच हजार हर्ट्झची, म्हणजे बरोबर मामांच्या खड्ड्यातली. वर त्यांची दुसरी तक्रार होती, की रात्री पडल्यावर कानातच किरकिर चालू होते. ज्या सुरांची खबर कानाकडून यायची थांबते, त्याच सुरांच्या आसपास मेंदू पुष्कळदा स्वतःच आवाज उभा करतो. बाहेरचा रातकिडा गेला आणि आतला सुरू झाला, असं म्हणणारी माणसं मला अनेकदा भेटतात. त्यांना मी हे सगळं सविस्तर समजावून सांगते. आवाज का येतो हे कळलं की त्याची भीती निम्मी होते आणि झोप थोडी परत येते.

त्या रातकिड्याचे स्वतःचे कान त्याच्या पुढच्या पायांवर असतात, गुडघ्याच्या जरा खाली. नर पंखावर पंख घासून आवाज करतो आणि मादी पायांवरच्या कानांनी त्याची दिशा शोधत जाते. तिला सगळ्या रानाचा कोलाहल ऐकायची गरज नाही. आपल्या जातीची हाक आणि वटवाघळाची चाहूल, एवढं तिला कळायला हवं.

माणसाच्या कानात आवाज गेला की पडदा हलतो. पडद्यामागे तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. हवेतला आवाज सरळ द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळा परत फिरतो, आणि आतला कान तर द्रवाने भरलेला. म्हणून मोठ्या पडद्यावरचा दाब ही हाडं रिकिबीच्या इवल्याशा तळव्यावर एकवटतात आणि साधारण वीस पटींनी वाढवून आत ढकलतात. पुढे कॉक्लिया नावाची वेटोळी नळी. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यात सूर बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखे ओळीने मांडलेले असतात: तोंडाशी बारीक सूर, टोकाशी जाडे. प्रत्येक कानात साधारण साडेतीन हजार आतल्या केशपेशी मेंदूला खबर देतात आणि सुमारे बारा हजार बाहेरच्या केशपेशी त्यांच्या मदतीला असतात. पेशींवरच्या सूक्ष्म केसांचे शेंडे एकमेकांना बारीक तंतूंनी बांधलेले असतात. केस कलले की तंतू ताणला जातो, पेशीची दारं उघडतात, पोटॅशियम आत शिरतं आणि विजेचा संदेश तयार होतो. शांत खोलीत तरुण, निरोगी कानाला जो सर्वांत मंद आवाज कळतो, त्या वेळी पडद्याची हालचाल हायड्रोजनच्या एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी असते.

बाहेरच्या केशपेशी नेमकं काय करतात, हे फार काळ उमगलं नव्हतं. बुडापेस्टमध्ये टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांत आवाजाची लाट कशी सरकते, ते प्रत्यक्ष पाहिलं. त्या कामासाठी त्यांना १९६१ मध्ये नोबेल मिळालं. पण त्यांना दिसलेली लाट पसरट होती. जिवंत माणूस जवळजवळचे दोन सूर जितके स्पष्ट वेगळे ओळखतो, तितकं त्या लाटेने जमलं नसतं. १९४८ मध्येच थॉमस गोल्ड यांनी सुचवलं होतं, की जिवंत कान नुसता हलत नाही, तो स्वतःची ताकद घालून आवाज वाढवत असणार. आणि तसं असेल तर कानातून आवाज बाहेरही यायला हवा. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नळीत मायक्रोफोन ठेवून तो आवाज पकडला. बाहेरच्या केशपेशी आवाजाच्या तालावर आखूड-लांब होतात आणि लाटेला रेटा देतात, हेही पुढे दिसून आलं.

या शोधावर माझा रोजचा अर्धा दिवस उभा आहे. नवजात बाळ बटण दाबू शकत नाही, हात वर करू शकत नाही. बाळ झोपलेलं असताना त्याच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवायची, बारीक टिकटिक सोडायची आणि कान उलट काय पाठवतो ते टिपायचं. उत्तर आलं तर बाहेरच्या केशपेशी कामावर आहेत. 'ओएई' म्हणतात ती हीच तपासणी. पडद्यावर 'पास' उमटतं, नाहीतर 'रेफर'. 'रेफर' वाचून आईचा चेहरा पडतो. तिला मी लगेच सांगते, की बाळ दोन दिवसांचं आहे, कानात अजून जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर असू शकतो, काही दिवसांनी पुन्हा बघू. आणि जी बाळं काचेच्या पेटीत राहिली, ज्यांना जास्त कावीळ झाली, त्यांच्या आईला 'पास' मिळूनही पुढच्या तपासणीला बोलावते. कारण केशपेशी ठीक असून पुढे नसेतून संदेश नीट जात नाही, असंही काही बाळांत होतं. त्यासाठी बेरा ही तपासणी लागते. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवायचे, हजारो टिकटिक ऐकवायच्या आणि मेंदूच्या देठातून उठणाऱ्या लाटांची सरासरी काढायची. आवाज दिल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत पाच लाटा उमटतात. बाळ गाढ झोपेत असतं आणि त्याची नस आमच्याशी बोलत असते. ती पाचवी लाट कुठवर टिकते, हे बघताना आजही मी पडद्यावरून नजर हटवत नाही.

जगभरात दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळं कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असा जगन्मान्य नियम आहे. आमच्याकडे मूल येतं ते दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर, बोलत नाही म्हणून. "त्याचा बाबाही उशिरा बोलला होता," असं म्हणत घरच्यांनी वाट बघितलेली असते. आणि ऐकू येतं याबद्दल त्यांना शंका नसते, कारण घरी परीक्षा झालेली असते: मागून स्टीलचं ताट आपटलं आणि पोराने मान वळवली.

या ताटाच्या परीक्षेने किती मुलांची वर्षं गेली आहेत! ताट आपटलं की फरशी हलते, हवेचा झोत येतो, सावली सरकते. ऐकू न येणारं मूल या सगळ्यावर फार बारीक लक्ष ठेवून असतं. दार आपटल्यावर ते वळतं, कारण पायांना दार कळतं. ते हुशार असतं, आणि त्याच्या हुशारीमुळेच निदान लांबतं. अशा आई-वडिलांना मी सापाचं उदाहरण देते. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात नागाची गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची. सापाला बाहेरचा कान नाही, पडदा नाही. गारुड्याची पुंगी हलते तिच्याबरोबर नाग डोलतो, सुरांबरोबर नाही. पण म्हणून तो बेखबर नसतो. जमिनीवर टेकलेल्या जबड्यातून कंपनं त्याच्या आतल्या कानापर्यंत जातात आणि आपण बांधावरून चालत आलो की तो आधीच सावध होतो.

जबड्याचं आणि कानाचं नातं आपलंही आहे. १८३७ मध्ये कार्ल रायशर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने भ्रूणांचा अभ्यास करून दाखवलं, की आपली हातोडी आणि ऐरण ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं आहेत. कोट्यवधी वर्षांत ती लहान होत कानात आली. तिथून सस्तन प्राण्यांना बारीक सुरांचं जग खुलं झालं. ज्या केशपेशींनी आपण ऐकतो, त्याच जातीच्या पेशी माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेत असतात आणि त्याला पाण्याची हालचाल सांगतात. आपल्याच कानात, कॉक्लियाच्या शेजारी, त्याच पेशी तोल सांभाळतात. चक्कर येते म्हणून आलेल्या आजींना कानाची तपासणी का करायची, हे पटायला वेळ लागतो. पण मुळात हे सगळे एकाच घराण्याचे पाईक आहेत.

एक कान गेला तर काय बिघडतं, असं विचारणारेही येतात. गालगुंडानंतर एका बाजूची श्रवणशक्ती गेलेली तरुण मुलगी रस्ता ओलांडताना गांगरते. हॉर्न ऐकू येतो, कुठून येतो ते कळत नाही. आवाज एका बाजूने आला की त्या बाजूच्या कानात आधी पोचतो. दुसऱ्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशीर होतो. मेंदू सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही ओळखू शकतो आणि त्यावरून दिशा ठरवतो. गव्हाणी घुबडाने हे कसब टोकाला नेलं आहे. त्याचा एक कान किंचित वर आणि एक खाली असतो, म्हणून डावं-उजवं आणि वर-खाली दोन्ही त्याला आवाजातून कळतं. रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत ठेवून पाहिलं, तर घुबड केवळ पाचोळ्याच्या सळसळीवर उंदराला अचूक पकडत होतं. आमच्या ऊसपट्ट्यात उंदरांचा उच्छाद असतो. रात्री हे घुबड फडावरून फिरतं ते याच कानांच्या भरवशावर. भाजीवाल्या मावशींना मंडईच्या गलक्यातून समोरच्या एका गिऱ्हाइकाचा आवाज वेगळा काढायचा असतो, त्यालाही दोन कानच लागतात. म्हणून परवडत असेल तर दोन्ही कानांना ऐकायचं मशिन लावा असं मी सुचवते, आणि समोरचा आवाज पकडणारे मायक्रोफोन त्यांच्या बसण्याच्या जागेप्रमाणे लावून देते.

वटवाघळांचं उदाहरण शाळेतल्या मुलांना सांगायला मला फार आवडतं. वड-पिंपळाला उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं डोळे आणि नाक वापरतात. गडावरच्या अंधाऱ्या कोठारांत राहणारी लहान, किडेखाऊ वटवाघळं मात्र स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून उडतात. १७९० च्या दशकात इटलीत स्पालान्झानी यांनी आंधळी वटवाघळंही न अडखळता उडतात हे पाहिलं आणि जिनिव्हात ज्युरीन यांनी कान बंद केल्यावर ती धडकतात हे दाखवलं. पण या दोघांच्या कानांना वटवाघळांच्या हाका ऐकूच येत नव्हत्या, म्हणून कोडं सुटलं नाही. १९३८ मध्ये डोनाल्ड ग्रिफिन यांनी हार्वर्डमध्ये उच्च सुरांचं यंत्र वापरलं तेव्हा 'मुकी' वटवाघळं सतत ओरडत असल्याचं उघड झालं. माणसाचा कान २०,००० हर्ट्झला थांबतो, तेही तरुणपणी. कुत्रा साधारण ४५,००० पर्यंत ऐकतो, मांजर त्याच्याही पुढे, आणि मधमाश्यांच्या पोळ्यात शिरणारा मेणपतंग ३,००,००० हर्ट्झपर्यंत. दुसऱ्या टोकाला हत्ती. १९८४ मध्ये केटी पेन या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या असताना त्यांना हवेत एक धडधड जाणवली. ते हत्तींचं बोलणं होतं, साधारण १४ ते २४ हर्ट्झचं, म्हणजे पुष्कळसं आपल्या श्रवणसीमेखालचं. इतके जाडे सूर झाडीत अडत नाहीत आणि किलोमीटरच्या अंतरावर पोचतात. दोडामार्गच्या डोंगरात कर्नाटकातून उतरलेल्या हत्तींचं एकमेकांशी काय बोलणं होत असेल, ते गावकऱ्यांच्या कानांना बरंचसं कळणार नाही.

नुसत्या कानाची ही गोष्ट नाही. याकोब फॉन युक्सक्यूल यांनी गोचिडीचं उदाहरण देऊन हे फार आधी मांडलं. त्यांच्या उदाहरणातल्या गोचिडीला डोळे नाहीत. जनावराच्या कातडीचा वास, अंगाची ऊब आणि केसांचा स्पर्श, एवढ्या तीन खबरांवर तिचं आयुष्य चालतं. सह्याद्रीतला चापडा साप डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्याने उंदराच्या अंगाची उष्णता ओळखतो. मांजराला गोड चवच लागत नाही, कारण गोडाची जाण देणारं त्याचं एक जनुक निकामी झालं आहे. मांस खाणाऱ्या प्राण्याचं त्यावाचून अडलं नाही. कुणाचं जग अपुरं नाही. ज्याला जे लागतं ते त्याच्या इंद्रियांनी धरलं आहे.

माणसाच्या पिल्लाला काय लागतं? भाषा. आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या सुमारास त्याचा कान कामाला लागतो आणि जन्मतः त्याला आईचा आवाज ओळखू येतो. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाची होत आली तशी ती क्षमता मावळली, कारण त्यांच्या घरात या फरकाने काही अडत नव्हतं. आमच्या घरातलं बाळ 'ताक' आणि 'टाक' यांतला फरक धरून ठेवतं, कारण त्याच्या अवतीभवती दोन्ही शब्द आहेत. म्हणजे जन्मानंतरही कान आणि मेंदू मिळून निवड करतच असतात. त्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत आवाजच पोचला नाही, तर मेंदूचा तो भाग दुसऱ्या कामाला लागतो. उशिरा आलेल्या मुलाच्या बाबतीत माझा जीव तुटतो तो यासाठी.

श्रवणयंत्राने भागत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांट करतात. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट पहिल्यांदा माणसाला बसवलं. त्यांचे वडील औषधाचं दुकान चालवायचे आणि त्यांना ऐकू कमी यायचं. गिऱ्हाइकांपुढे होणारी त्यांची कुचंबणा क्लार्क यांनी लहानपणी पाहिली होती. साडेतीन हजार केशपेशींचं काम आज २२ इलेक्ट्रोड करतात आणि तरीही मूल बोलायला शिकतं, कारण उरलेलं काम मेंदू करतो. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांसाठी मदतही मिळते. पण ऑपरेशन झालं की मूल बोलेल, ही समजूत मी पहिल्याच भेटीत दूर करते. पुढची दोन-तीन वर्षं थेरपीची असतात आणि खरी थेरपिस्ट आई असते. भाकरी थापताना, दळण टिपताना, अंघोळ घालताना ती जे बोलते, त्याच्यावर मुलाची भाषा उभी राहते. शेतावर जाणाऱ्या आईला तेवढा वेळ मिळावा, म्हणून मी आजीला, आत्याला, मोठ्या भावालाही थेरपीला बोलावते.

आमच्या भागात मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करायची रीत आहे. जन्मजात बहिरेपणाची बरीचशी जनुकं अशी असतात, की आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मुलावर परिणाम होतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. नात्यातल्या लग्नात दोघं वाहक असण्याचा संभव वाढतो. हे मी आईला आणि बाबांना एकत्र बसवून सांगते, कारण आमच्याकडे दोष अजून सुनेच्याच माथी मारला जातो.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जन्मतः बहिरे असलेले तरुणही येतात. अशाच एका शिंप्याचं काम करणाऱ्या मुलाला मी दुभाष्या बहिणीमार्फत मशिनबद्दल विचारलं. त्याने हातांनी भरभर उत्तर दिलं: मला आवाज नको, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कुणीतरी लिहून दाखवावं आणि माझ्या मुलांना खुणांची भाषा यावी. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. २०१५ मध्ये दिल्लीत तिच्यासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या मुलाकडे भाषा होती. ज्या बाळांसाठी मी धावपळ करते, त्यांनाही शेवटी मला भाषाच मिळवून द्यायची असते. कानांवाटे मिळो की डोळ्यांवाटे. मूल कुठल्याही भाषेविना वाढू नये, ही माझी तळमळ आहे.

आता केसपेपरवर मी तक्रारीखाली एक ओळ लिहून घेते: काय ऐकायचं आहे? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कीर्तनकारांना मृदंगाची बोटं स्पष्ट हवी असतात. त्यांच्यासाठी मशिनमध्ये संगीताची वेगळी जुळणी करावी लागते. मागाचा जॉबर आवाजावरून बिघाड ओळखतो. त्याला माग ऐकू यायला हवा आणि त्याचे कानही वाचायला हवेत. मावशींना 'साठ' हवं असतं. उत्तराप्रमाणे मशिन जुळवलं की ते कपाटात पडून राहत नाही, कानावर राहतं.

गेलेली केशपेशी आपल्याला परत मिळत नाही. पक्ष्यांना मिळते, १९८८ मध्ये कोंबडी आणि लावा पक्ष्यांच्या कानांत इजा झालेल्या केशपेशी पुन्हा उगवल्याचं दिसलं. माणसासाठी ते साधायला अनेक प्रयोगशाळा झटत आहेत. जन्मजात बहिरेपणाच्या एका प्रकारात जनुकोपचाराने मुलांना ऐकू येऊ लागल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्धही झालं आहे. तोवर जे आहे ते राखणं आपल्या हातात आहे. मागाच्या शेडमध्ये मालकाने कामगाराला कानाची टोपणं द्यावीत आणि कामगाराने ती घालावीत. प्रत्येक तालुक्यात प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी बाळाचा कान तपासला जावा. ताट आपटून खात्री करून घेऊ नये. घरातल्या वयस्कर माणसाशी समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं. ओरडण्याची गरज नसते. आणि तपासणीला आणाल तेव्हा त्यांचं काय काय ऐकायचं राहून जातं, त्याची यादी त्यांनाच विचारून करून आणावी. मशिन कुठलं, ते कसं जुळवायचं, हे त्या यादीवरून ठरतं.